सशाचे कातडे पापडासारखे कडक झाले तर…

मैत्रिणींनो, विषय वाचून नाक मुरडू नका. आमच्या सासूबाईंनीही मुरडले होते. “स्वयंपाकघराच्या मागे कातडं? हे आपल्या घरात कधी झालं नाही,” असे म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चपला मात्र रोज घालत होत्या. मी तेव्हा गप्प बसले. पण ज्यांच्या हातांनी पिढ्यान् पिढ्या हे काम केले, त्यांना आपण अंगणातही येऊ दिले नाही आणि त्यांच्या चपला मात्र मिरवल्या, हे मनातून जात नाही.

निमित्त झाले धाकट्या जावेचे. गावाकडे ती मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट आणि करडे ससे पाळते. दर खेपेला कातडी शेणखताच्या खड्ड्यात पुरायची. मुलांच्या फीचा महिना आला की ती म्हणायची, “वहिनी, एवढी मऊ लव मातीत जाते हो, जीव तुटतो.” म्हणून आम्ही दोघींनी ठरवले, करून तर पाहू. (हे पाळीव सशांबद्दल बरे का! रानातल्या सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.)

पहिल्या चार कातड्यांचे काय झाले ते आधी सांगते. दोनांचे केस मूठमूठ हातात आले, कारण मीठ लावायला संध्याकाळ केली. कातडे निघाल्या निघाल्या मांसाच्या बाजूला भरपूर मीठ चोळायला हवे, उन्हाळ्यात तर तासाभराचाही उशीर नको. तिसरे पोटाच्या बाजूला फाटले. तिथे ते कांद्याच्या पातीइतके पातळ असते. चौथे मात्र छान रंगले, आणि वाळल्यावर ताटात ठेवून वाजवावे असे कडक झाले! सासूबाई म्हणाल्या, “तळून घे आता.”

कोल्हापूरकडचे एक वयस्क कारागीर जावेच्या ओळखीचे होते. कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, हे तुम्ही ऐकले असेल. या चपलांना २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांनी आमचे कातडे हातात घेतले, कोपऱ्याला कात्रीने बारीक छेद दिला आणि म्हणाले, “ताई, कमावलंय बरं. पण वाळताना तुम्ही झोपलात.”

सगळे मर्म त्यात आहे. ओले कातडे सुटे सोडले की वाळताना त्यातले तंतू एकमेकांना चिकटून बसतात. साल कातड्याला कुजण्यापासून वाचवते, मऊपणा देत नाही. मऊपणा येतो तो तेलाने आणि हाताने.

कमावण्याचे थोडक्यात सांगते. मीठ धुऊन कातडे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. आतला पातळ पापुद्रा सैल होतो. शेपटीकडून धरून नखाने हळू ओढा, बराचसा एका पदरात निघतो. तो राहिला तर पुढची मेहनत पाण्यात. मग एक किलो कुटलेली बाभळीची साल आणि दोन मुठी हिरडा आठ-दहा लिटर पाण्यात उकळून गाळा. दोन कातड्यांना एवढे पुरते. अर्क पूर्ण गार झाला पाहिजे. पहिले दोन दिवस तो निम्मे पाणी घालून पातळ वापरा, नंतर रोज थोडा दाट करा. एकदम दाट अर्कात घातले तर वरची पाठ आवळते आणि आतले कच्चेच राहते. बादली प्लॅस्टिकची घ्या, लोखंडाची नको; हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई होते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. दिवसातून दोनदा ढवळा. आठ-दहा दिवसांनी कडेला छेद द्या: रंग आरपार एकसारखा दिसला की झाले, मध्ये पांढरी रेघ दिसली की आणखी थांबा. पांढऱ्या केसांवर तपकिरी झाक येते, ती येणारच.

आता मुख्य काम. कातडे धुऊन घ्या आणि दाबून पाणी काढा, पिळू नका. एका अंड्याचा पिवळा बलक, दोन चमचे एरंडेल आणि अर्धी वाटी कोमट पाणी फेटून फक्त मांसाच्या बाजूला चोळा. बलकामुळे तेल पाण्यात मिसळते आणि आत शिरते. (चामड्याच्या कारखान्यांत वापरतात ते टर्की रेड ऑइलही एरंडेलापासूनच करतात.) जवसाचे तेल कधीही घेऊ नका, ते स्वतःच वाळून कडक होते.

आता सावलीत टांगा आणि त्या दिवशी दुसरे काम काढू नका. कडा फिकट दिसायला लागल्या की सुरुवात. दोन्ही हातांनी लांबीत, रुंदीत, तिरके, असे सगळीकडून ताणा. मग पाटाच्या गुळगुळीत कडेवर मांसाची बाजू पुढेमागे ओढा. पोटाकडे जपून. ताणलेली जागा फिकी होते आणि सुती कापडासारखी लागते. थोडा वेळ टांगा, पुन्हा ताणा. आमचा पूर्ण दिवस गेला, पावसाळी हवेत दोन. मध्येच थांबायची वेळ आली तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, चालते. झाले की नाही ते गालाला लावून पाहा. गार लागले तर आत ओल आहे, सोडू नका. शेवटी टाच घासायच्या दगडाने हलके घासा आणि केसांत कोमट कोंडा चोळून झटका.

आणि आधीच कडक झालेले? ते टाकू नका. भिजवायचे नाही, ओलसर फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ते वाकते. पुन्हा बलक-तेल, पुन्हा ताणणे. आमचे ‘पापड’ दुसऱ्या खेपेला वाकले आणि तिसऱ्या खेपेला मऊ झाले. पण ओले केल्यावर शिंगासारखे अर्धपारदर्शक ठिपके दिसले तर दोष ताणण्याचा नाही, तेवढे कच्चे आहे. ते परत अर्कात घाला.

जावेने आतापर्यंत अकरा कातडी केली. त्यातली सात विकण्याजोगी निघाली. एकेकाला दिवस जातो हे धरून तिने भाव सांगितला, तेव्हा गिऱ्हाईक घासाघीस करायला लागले, पण ती हटली नाही. आमचे ते चौथे मी सासूबाईंच्या सपातांना आतून शिवले. थंडीत त्यांचे पाय ठणकतात. त्यांनी आठवडाभर त्या खाटेखाली ठेवल्या. परवा पहाटे पाहते तर पायांत होत्या, आणि मला म्हणाल्या, “डावीकडं टाचेला जरा टोचतंय गं.”

टोचत होते ते खरे. टाचेपाशी ताणायचे राहिले होते. उसवले, ओलसर फडक्यात ठेवले आहे. तुम्ही केलीत तर साठवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला मध्ये घाला आणि महिन्याने एकदा झटका, नाहीतर कसर लागते.