दहा कॅप, वीस बोल्ट

इंजिन तापून हेड गॅसकेट उडालं की गॅरेजवाला दोनच शब्द उच्चारतो: हेड काम. त्यात काय काय येतं हे बिलावर दिसतं. हेड उतरवणं, खालची बाजू घासून सपाट करणं, सीट कटिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, नवे ऑइल सील, नवं पॅकिंग. कॅमशाफ्ट परत बसवणं मात्र बहुतेक बिलांत वेगळं लिहिलेलंच नसतं. ते फिटिंगच्या मजुरीत जातं. लेथवाल्याकडे मन लावून केलेल्या कामाची माती व्हायची तर ती बहुधा याच न लिहिलेल्या टप्प्यावर होते.

उदाहरणाला एक नामांकित इंजिन घेऊ. टोयोटाचं फोर-ए-जीई, १५८७ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. १९८३ मध्ये ते एई-८६ मालिकेच्या कोरोला लेविन आणि स्प्रिंटर ट्रुएनो या गाड्यांत आलं. ‘इनिशियल डी’ पाहिलेल्या मुलांना घाटात आडवी होत जाणारी ती काळी-पांढरी ट्रुएनो वेगळी सांगायला नको. या इंजिनाच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आहेत, एक इनटेकचा, एक एक्झॉस्टचा. प्रत्येक कॅम पाच ठिकाणी टेकतो, प्रत्येक ठिकाणी वरून एक कॅप येते आणि प्रत्येक कॅपला दोन बोल्ट. दहा कॅप, वीस बोल्ट. काम एवढंच दिसतं.

अडचण अशी की कॅम आपल्या जागेवर सुखाने बसतच नाही. यामागचं गणित सोपं आहे. या इंजिनात इनटेकचा व्हॉल्व्ह उघडल्यापासून मिटेपर्यंत क्रँकशाफ्ट २४० अंश फिरतो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे कॅमच्या हिशेबाने १२० अंश. चार सिलिंडरचे लोब, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे, कॅमवर एकमेकांपासून ९० अंशांवर आहेत. १२० हे ९० पेक्षा मोठे. त्यामुळे कॅम कसाही फिरवून ठेवा, कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचे लोब व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर रेलणारच. सगळे व्हॉल्व्ह मिटलेले आहेत आणि कॅम आडवा निवांत पडला आहे, अशी स्थिती चार सिलिंडरच्या इंजिनात मिळत नाही. नुसता ठेवलेला कॅम एका बाजूला टेकतो, दुसऱ्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर वर राहतो. तिथल्या कॅपखाली फट दिसते.

घाईतला माणूस इथे रॅचेट उचलतो आणि समोरची कॅप पूर्ण आवळून टाकतो. मग पुढची. सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर पीळ देतात. वीतभर पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर, फार नव्हे. पण आट्यांच्या उतारामुळे तेवढ्या पिळातून बोल्टच्या लांबीत उतरणारी ओढ ढोबळमानाने आठशे किलोंची असते. त्यापुढे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा काही दशकिलोंचा रेटा हाताला जाणवतही नाही. आपण कॅप आवळत नसून कॅम वाकवतो आहोत, हे पान्याकडून कळायला मार्गच नाही. अनेक कॅमशाफ्ट बिडाचे असतात. ओततानाच लोबांचा पृष्ठभाग झटकन थंड करून कठीण केलेला असतो, म्हणून ते वर्षानुवर्षं झिजत नाहीत. कठीणपणाची किंमत ठिसूळपणात मोजावी लागते: वाकणं हा प्रकार बिडाला फारसा जमत नाही, ते सरळ तुटतं. कॅम वाचला तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात, आणि मग तेच हेड पुन्हा लेथवाल्याकडे.

म्हणून कॅम ‘उतरवत’ न्यायचा. सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे. मग मधल्या कॅपपासून बाहेरच्या दिशेने, प्रत्येक बोल्टला अर्धा फेरा, फार तर एक. पुन्हा मधून सुरुवात. कॅम सगळीकडून सारखा खाली येतोय ना, हे डोळ्याने बघत राहायचं. कॅप बसल्या की मगच टॉर्क रेंच, तोही त्या इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्यावर. बोल्टच्या भोकात धुण्याचं डिझेल किंवा तेल साचलेलं नको. बोल्ट खाली आला की त्याला जायला वाट उरत नाही, आणि कोंडलेलं तेल भोवतालचं ॲल्युमिनियम तडकवू शकतं. हवेचा एक झोत पुरतो, पण तो मारायची आठवण हवी.

कॅपवर आकडे आणि बाण कोरलेले असतात. काही फिटरांना ती कंपनीची हौस वाटते. प्रत्यक्षात कारखान्यात कॅप हेडवर आवळून मगच एका फटक्यात पाचही भोकं सरळ रेषेत कोरतात. त्यामुळे तीन नंबरची कॅप तीन नंबरलाच, आणि बाण पुढच्याच बाजूला. अदलाबदल झाली तर वरचं अर्धवर्तुळ आणि खालचं अर्धवर्तुळ जुळत नाही. या प्रकारच्या हेडमध्ये वेगळं बेरिंग नसतं. कॅम थेट ॲल्युमिनियमवर, तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेलासाठी सोडलेली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. ती मोजायला प्लास्टिगेज नावाचा मऊ प्लास्टिकचा दोरा कॅपखाली ठेवून कॅप आवळतात. दोरा जितका चपटा होऊन पसरेल तितकी फट कमी. दोरा आत असताना कॅम फिरवायचा नाही, नाहीतर मोजमाप फुकट.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. इंजिन तापतं तेव्हा हेड नुसतं खालून वाकत नाही, अख्खं वाकतं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, आणि खालच्या बिडाच्या ब्लॉकला ते बोल्टांनी जखडलेलं असतं. लांबीत पसरायला जागा न मिळालेलं हेड मधोमध फुगतं. लेथवाला खालची बाजू घासून सपाट करून देतो, त्यावर पट्टी ठेवून दाखवतो, आणि सगळे खूश. वरची कॅमची पाच भोकं मात्र तशीच कमानीत राहिलेली असतात. ओळखायची युक्ती अगदी साधी आहे: टॅपेट काढून ठेवायचे, नुसता कॅम तेल लावून बसवायचा, कॅप पुस्तकी टॉर्कला आवळायच्या आणि कॅम बोटांनी फिरवायचा. स्प्रिंगांचा अडसर नसल्याने तो सहज गरगर फिरला पाहिजे. मधली कॅप आवळल्याबरोबर जड झाला, तर दोष हेडच्या कमानीचा. अशा वेळी आधी हेड तापवून सरळ करायचं आणि मग घासायचं, हा खरा क्रम. माझं मत विचाराल तर ही पाच मिनिटांची चाचणी झाल्याशिवाय गॅसकेटचं पाकीटसुद्धा फोडू नये.

कॅम फिरला, टॅपेट आत गेले, की फिलर गेज हातात घ्यायचं. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित आत बसतो, त्यामुळे त्याची दांडी वरच्या अंगाला तेवढीच बाहेर येते आणि कॅम व टॅपेट यांमधली फट घटते. फोर-ए-जीईमध्ये थंड इंजिनावर इनटेकला ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.२० ते ०.३० मिलिमीटर फट लागते. ती जुळवायला टॅपेटवर पोलादी चकती, म्हणजे शिम असते. जुनी शिम २.९० मिलिमीटरची, मोजलेली फट ०.०८, आणि हवी ०.२० असेल, तर शिम ०.१२ ने पातळ हवी, २.७८ आली. शिम ०.०५ च्या पायऱ्यांनी मिळतात, तेव्हा २.८० घालायची, फट ०.१८ राहते. सोळा व्हॉल्व्हची सोळा गणितं. कंटाळवाणं आहे खरं. पण फट शून्य झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह लालबुंद तापतो, आणि त्याची बहुतांश उष्णता सीटला टेकलेल्या क्षणांतच निघून जाते. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर तो सेकंदाला पन्नास वेळा उघडमीट करतो. टेकणंच नीट होईना, तर काठ जळून व्हॉल्व्ह जातो. उलट फट जास्त झाली तर टकटक ऐकू येते, आणि मालक तक्रार घेऊन येतो. आवाज न करणारा दोष जास्त महाग पडतो.

बेल्ट चढवण्याआधी क्रँक कुठे आहे हे पाहायचं. कॅम बसवताना पिस्टन वर असेल, तर बऱ्याच आधुनिक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह त्यावर आपटून वाकतो. चार सिलिंडरचा क्रँक टीडीसीपासून, म्हणजे पहिला पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेपासून, ९० अंश मागे ठेवला की चारही पिस्टन अध्येमध्ये राहतात. तोवर कॅम हवे तसे फिरवता येतात. मार्क जुळले की क्रँक टीडीसीला आणायचा. इथे एक दात चुकणं किरकोळ नसतं. कॅमच्या चाकाला चाळीस दाते धरले तर एक दात म्हणजे कॅमचे नऊ आणि क्रँकचे अठरा अंश.

घासलेल्या हेडचा आणखी एक बारीक परिणाम असतो. हेडची उंची पाव मिलिमीटरने घटली की कॅम क्रँकच्या तेवढा जवळ येतो. बेल्टची ताणलेली बाजू त्या प्रमाणात आखूड होते, आणि कॅम थोडा मागे पडतो. पन्नास मिलिमीटर त्रिज्येच्या चाकावर हा फरक क्रँकच्या अर्ध्या अंशाहून थोडा जास्त होतो. रस्त्यावरच्या गाडीत तो कुणाच्या लक्षात येणार नाही. रेसिंगवाले त्यासाठी खास सरकवता येणारी कॅमची चाकं लावतात. बाकीच्यांनी तो पैसा चांगल्या गॅसकेटवर घालावा.

शेवटी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. क्रँकचे दोन म्हणजे कॅमचा एक, त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो आणि मार्क पुन्हा समोर येतात. मध्येच कुठे कडक लागलं, तर तिथेच थांबून कव्हर उघडायचं. फिरलं, तर स्पार्क आणि पेट्रोल बंद ठेवून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवायचा, कारण तेल वरच्या कॅमपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं. तोवर लोबांवर बसवताना चोपडलेली असेंब्ली पेस्टच काम निभावते.