ध्वनियंत्राची पारख

संगीताची आवड असलेला एखादा गृहस्थ पोटाला चिमटा घेऊन जमविलेली रक्कम घेऊन घरासाठीं उत्तम ध्वनियंत्र विकत घ्यावयास निघतो, तेव्हां त्याची स्थिति रत्नांच्या बाजारांत प्रथमच शिरलेल्या माणसासारखी होते. प्रत्येक दुकानांतील यंत्र सर्वोत्कृष्ट, प्रत्येक विक्रेता तज्ज्ञ, आणि किंमती मात्र कांहीं हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत पसरलेल्या! धान्य मुठींत घेऊन पाहतां येतें, कापड चिमटींत धरून जोखतां येतें. पण ध्वनि हा ऐकला न ऐकला तोंच विरून जाणारा पदार्थ आहे. म्हणून यंत्र कोणतें घ्यावें या प्रश्नाच्याही आधीं, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न सोडवावा लागतो.

‘कान हाच खरा साक्षीदार’ असें कोणी म्हणेल. तें खोटें नाहीं. परंतु साक्षीदाराला प्रश्न कसा विचारला, यावर त्याची साक्ष अवलंबून असते. १९४५ सालीं अमेरिकेंत चिन व आयझेनबर्ग या दोघांनीं श्रोत्यांच्या आवडीची परीक्षा घेतली. यंत्रांतून येणाऱ्या संगीतांतील फार उंच व फार खालचे स्वरांश कापून टाकले, तर तें श्रोत्यांस अधिक आवडतें, असें त्यांत दिसून आलें. लोकांना पूर्ण आवाज नकोच आहे, असा निष्कर्ष कित्येकांनीं काढला. पण हॅरी ओल्सन या शास्त्रज्ञाचें समाधान झालें नाहीं. १९४७ सालीं त्यानें यंत्र बाजूस ठेविलें, एक लहानसा वाद्यवृंद पडद्याआड बसविला, आणि वाद्यवृंद व श्रोते यांच्यामध्यें सेकंदास ५००० कंपनांच्या वरचा ध्वनि अडविणारी गाळणी ठेविली. ती कधीं लावावी, कधीं उघडावी, असें चाललें. या वेळीं बहुसंख्य श्रोत्यांनीं पूर्ण आवाजच पसंत केला. याचा अर्थ उघड होता. पहिल्या परीक्षेंत श्रोत्यांस उंच स्वरांश नकोसे नव्हते; त्या काळच्या यंत्रांनीं त्यांत मिसळलेला कर्कशपणा नकोसा होता. कान दोन्ही वेळां खरेंच बोलले. चूक झाली ती अर्थ लावणारांची.

दुसरा धोका डोळ्यांचा. फ्लॉइड टूल या ध्वनिशास्त्रज्ञानें कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळांत अनेक वर्षें लाउडस्पीकरांचा अभ्यास केला. पुढें एका मोठ्या ध्वनियंत्र कंपनींत असतांना त्यानें व शॉन ऑलिव्ह यानें १९९४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच कंपनीच्या ४० नोकरांनीं तेच लाउडस्पीकर एकदां पडद्याआडून व एकदां डोळ्यांनीं पाहून ऐकले. पाहून ऐकतांना मोठ्या व भारदस्त लाउडस्पीकरांस गुण वाढून मिळाले. स्वस्त व चिमुकल्या संचाचे गुण मात्र घसरले. टूल याच्या दीर्घ अभ्यासांतून आणखी एक गोष्ट निघाली. पडदा असला म्हणजे निरनिराळ्या लोकांचीं मतें पुष्कळच जुळतात. ज्या लाउडस्पीकरांचा ध्वनि समोर तसाच बाजूंनाही, खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत समतोल पसरतो, असें मोजमाप सांगतें, तेच लोकांसही आवडतात. तेव्हां ‘आवड ज्याची त्याची’ हें वचन येथें पुरें लागू पडत नाहीं.

तिसरा धोका अगदीं साधा. दोन यंत्रांपैकीं एक किंचित् मोठ्यानें वाजत असेल, तर तें मोठें आहे असें न वाटतां तें चांगलें आहे असें वाटतें. दोन्ही यंत्रांचा आवाज मापून सारखा केल्याशिवाय केलेली तुलना म्हणूनच व्यर्थ होय.

यावरून विश्वासू मार्गदर्शकाचीं लक्षणें ठरवितां येतात. तो आपला अनुभव सांगतोच, पण तो कसा घेतला हेंही सांगतो. मोजमापें देतो, आणि त्यांचा कानाशीं काय संबंध आहे तें समजावितो. यंत्र विकलें गेल्यानें आपणांस काय लाभ होतो, हें तो लपवीत नाहीं. विकणारा माणूस नेहमींच अविश्वासू असतो, असें मात्र नाहीं. यॉर्कशायरमधील गिल्बर्ट ब्रिग्ज यानें १९३२ सालीं व्हार्फडेल ही लाउडस्पीकरांची कंपनी काढली, आणि १९४८ सालीं लाउडस्पीकरांवर सामान्य वाचकांस समजेल असें पुस्तक लिहिलें. १९५४ सालीं तर त्यानें पीटर वॉकर याच्या ॲम्प्लिफायरांच्या साह्यानें लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें प्रत्यक्ष वादन व त्याचें ध्वनिमुद्रण भरल्या सभागृहापुढें आळीपाळीनें ऐकविलें. आपला माल खऱ्या संगीताशेजारीं उभा करण्याची ज्याची तयारी आहे, त्याचें बोलणें ऐकण्यासारखें असतें.

अशीं आणखीही स्थानें आहेत. न्यूयॉर्क येथें १९४८ सालीं स्थापन झालेल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकांत इतर तज्ज्ञांनीं तपासलेले निबंध येतात. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या संशोधन विभागानें आपल्या कामासाठीं लाउडस्पीकर तयार करतांना लिहिलेले अहवाल आजही वाचनीय आहेत. टूल याचा ग्रंथ तर अभ्यासूंनीं जवळ ठेवावा असाच आहे. १९६२ सालीं निघालेल्या ‘स्टिरिओफाइल’ या मासिकांत ऐकण्याच्या वर्णनाजवळच मोजमापेंही छापलीं जातात. शब्दांची भुरळ पडली, तर वाचकानें आकड्यांकडे वळावें.

कोणताही ग्रंथ किंवा परीक्षक एका गोष्टीचा निवाडा दूर बसून करूं शकत नाहीं. ती म्हणजे ऐकणाराची खोली. चार मीटर लांबीच्या खोलींत सुमारें ४३ कंपनांचा खर्ज समोरासमोरच्या भिंतींमध्यें कोंडून घुमूं लागतो. त्यामुळें तोच स्वर भिंतीजवळ गडगडतो, तर खोलीच्या मध्यावर जवळजवळ लोपतो. लाउडस्पीकर हातभर सरकविल्यानें, खुर्ची हलविल्यानें, उघड्या फरशीवर सतरंजी व भिंतीशीं पुस्तकांचें कपाट आल्यानें जो फरक पडतो, तो कित्येकदां महागड्या तारांनीं पडत नाहीं. या प्रयोगास कांहीं खर्च नाहीं, हें विशेष.

शेवटीं मूळ प्रमाण कोणतें, हें विसरूं नये. ज्यानें लहान दिवाणखान्यांतील बैठकींत जुळलेल्या तंबोऱ्याचा झंकार, बायाची घुमक व गायकाचा श्वास समोर बसून ऐकला आहे, त्याच्याजवळ तोलण्याचें माप आधींच आहे. यंत्र घेण्यापूर्वीं त्यानें अशा चार बैठकी लक्षपूर्वक ऐकाव्या, ओळखीची एकच ध्वनिमुद्रिका प्रत्येक दुकानांत न्यावी, आवाज सारखा करून मागावा, आणि डोळे मिटावे. मग जें यंत्र तंबोऱ्याला तंबोराच राहूं देतें, तें स्वस्त असलें तरी घेण्यास त्यानें संकोच करूं नये.