नवा लॅपटॉप घेताय? आधी ऑपरेटिंग सिस्टीमचं बोला!

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. पण हा विषय आमच्या घरात घडलेला आहे, म्हणून तो मराठीतच सांगायचा असं ठरवलं.

आम्ही पलूसचे. घरची द्राक्षबाग आहे. ॲडमिशन झाल्यावर पप्पा आणि मी लॅपटॉप घ्यायला सांगलीला गेलो. रॅम, हार्ड डिस्क, वॉरंटी असं सगळं विचारून झालं. मग दुकानदार म्हणाले, "साहेब, हाच पीस डॉसवाला घ्या. साडेचार हजार वाचतील. विंडोज आम्ही टाकून देतो." बागेच्या हिशोबात साडेचार हजार म्हणजे औषधाचे पैसे! पप्पांनी लगेच मान हलवली. मलाही काही कळत नव्हते.

डॉसवाला म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीन आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. मेमरी कोणाला किती द्यायची, फाइल कुठे ठेवायची, प्रिंटर कोणी वापरायचा, हे सगळं तो बघतो. तो नसेल तर लॅपटॉप म्हणजे नुसता डबा. "डॉसवाला" लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा फ्रीडॉस नावाची छोटी, फुकट सिस्टीम असते. चालू केलं की काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं दिसतात, बस्स. लॅपटॉप स्वस्त असतो कारण विंडोजच्या लायसन्सचे पैसे त्यात धरलेले नसतात. यात गैर काहीच नाही. गैर आहे ते पुढचे "टाकून देतो".

फुकटचं विंडोज कसं चालतं? मोठ्या कंपन्यांमध्ये शेकडो मशीनचं लायसन्स त्यांच्याच एका सर्व्हरवरून तपासलं जातं. क्रॅकवाला प्रोग्रॅम "मीच तो सर्व्हर" अशी बतावणी करतो. ही चोरी अँटीव्हायरस पकडतो, म्हणून आधी त्यालाच बंद करतात. म्हणजे चोराला आत घ्यायचं म्हणून राखणदाराला सुट्टी!

आमचंही तेच झालं. दीड वर्ष सगळं छान चाललं. सेकंड इयरला मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आठवड्यात कुठूनतरी व्हायरस आला आणि सगळ्या फाइलींची नावं बदलली. एकही उघडेना. पैसे भरा, मग फाइली मिळतील, अशी चिठ्ठी तेवढी स्क्रीनवर. रिपोर्ट गेला. त्याहून वाईट म्हणजे पप्पांच्या फवारणीच्या नोंदी गेल्या. एक्स्पोर्टच्या द्राक्षांना कोणतं औषध कधी मारलं, याचा हिशोब द्यावा लागतो. रिपोर्ट मी दोन रात्री जागून परत लिहिला. पण नोंदी कुठून आणणार? नशीब, पप्पा वहीतही लिहीत होते! "मी म्हणालो नव्हतो, वही बरी?" एवढंच ते बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग घ्यायचं काय?

माझं मत असं की लॅपटॉप बघायच्या आधी पुढच्या चार वर्षांत लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करावी. सिस्टीम त्या यादीवरून ठरते.

विंडोज : मेकॅनिकलवाल्यांना सॉलिडवर्क्स लागते, ते फक्त विंडोजवर चालते. ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर चालते, लिनक्सवर नाही. घरच्या दुकानाचं टॅली त्याच लॅपटॉपवर ठेवायचं असेल तर तेही विंडोजचंच. अशा वेळी विंडोज आधीच असलेला लॅपटॉप घ्यावा. त्याची की मदरबोर्डवरच साठवलेली असते, त्यामुळे फॉरमॅट केलं तरी लायसन्स जात नाही. जुना लॅपटॉप घेत असाल तर तो विंडोज ११ ला चालतो का, हे नक्की बघा. त्याला टीपीएम २.० लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

लिनक्स : कॉम्प्युटरवाल्यांचे सी, पायथन, गिट सगळं इथे उत्तम चालतं. मॅटलॅबही चालतं. लायसन्सचा खर्च शून्य, आणि तोही कायदेशीर! १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्स जाहीर केलं तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणजे आपल्याच वयाचा. केरळच्या सरकारी शाळांनी कॉम्प्युटर शिकवायला लिनक्सच घेतलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतही आहेत. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे सारखाच आहे.

मॅक फक्त ॲपलच्या मशीनवर मिळते, ते आपल्या बजेटबाहेर. क्रोमबुक मुख्यतः ब्राउझरच्या कामापुरते. इंजिनिअरिंगला अपुरे पडते.

लिनक्सचं नाव काढलं की घरचे म्हणतात, "कोणी वापरतं का ते?" आमच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी म्हणायचे की लोखंडाने जमिनीला विष होईल. सुरुवातीचे नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. तेव्हा घरच्यांवर रागावू नका, करून दाखवा.

करून दाखवणं सोपं आहे. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालू करा. वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का बघा. पटलं तर विंडोजच्या शेजारी टाका. मात्र त्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल.

मी आता दोन्ही ठेवलंय. सॉलिडवर्क्ससाठी विकतचं विंडोज, बाकी सगळ्याला उबुंटू. वेगळ्या लायसन्सला साडेचार हजारांहून जास्तच गेले. पप्पांच्या नोंदींची कॉपी दर रविवारी पेनड्राइव्हवर घेते. वही मात्र त्यांनी सोडलेली नाही, आणि मीही आता "सोडा" म्हणत नाही.

तेव्हा मित्रांनो, दुकानात कोणी "टाकून देतो" म्हणालं, तर एकच विचारा : "बिलावर लिहून देता का?" उत्तरावरून सगळं कळेल!