फ्लिंटचे नळ आणि संशोधक विद्यार्थी

आपल्या वस्तीतले मूल सायन्सला गेले की घरची मंडळी डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, एवढेच धरून बसतात. दूषित पाणी, दूषित माती तपासून ती सुधारणे हेही शास्त्र आहे, त्यात पीएच.डी. करता येते, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

फ्लिंट हे मिशिगन राज्यातले मोटार कारखान्यांचे शहर. बरेच कारखाने गेले, गरिबी राहिली. निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचे पाणी बंद करून नदीचे पाणी सुरू केले. जुन्या नळांत शिसे असते. पाण्यात फॉस्फेट घातले तर नळाला आतून थर धरतो व शिसे पाण्यात उतरत नाही. ते घालणेच सोडून दिले! लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात. अधिकारी म्हणत, पाणी चांगले आहे.

ली-अ‍ॅन वॉल्टर्स या मुलाबाळांच्या आईने व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्रा. मार्क एडवर्ड्स यांना गाठले. तिच्या घरच्या एका नमुन्यात एक अब्ज भागांत १३,२०० भाग शिसे निघाले. तिथली सरकारी मर्यादा १५ ची.

मग २०१५ च्या ऑगस्टमध्ये एडवर्ड्स यांच्या विद्यार्थ्यांनी ३०० घरांसाठी बाटल्यांचे संच बांधले. सहा तास नळ बंद ठेवून पहिली बाटली भरायची, ४५ सेकंद पाणी सोडून दुसरी, दोन मिनिटांनी तिसरी. सरकारी तपासणीत आदल्या रात्रीच नळ सोडून ठेवायला सांगत, म्हणजे साचलेले शिसे आधीच वाहून जाई. आकडे कसे बसवतात हे आम्हा कारकुनांना नव्याने सांगायला नको! रहिवाशांनी अडीचशेहून अधिक संच भरून परत दिले. भारतातून पीएच.डी.साठी गेलेला सिद्धार्थ रॉय या चमूत होता. निघालेले आकडे लोकांना समजतील असे मांडण्याचे काम त्याच्याकडे होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये डेट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले. शिशाचे नळ बदलून व्हायला मात्र २०२५ उजाडले.

आपल्याकडे केमिस्ट्रीत बी.एस्सी. किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग करून पुढे पर्यावरण विषय घेता येतो. नागपूरची नीरी ही संस्था १९५८ पासून याच कामात आहे. परदेशी जायचे तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. वयाच्या व उत्पन्नाच्या अटी जाहिरातीत नीट वाचाव्यात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. जूनमध्ये तहसील कचेरीत रांग फार मोठी असते.