होडी फायबरची, कुजतं ते लाकूड

फायबरची होडी कुजत नाही, असं विकणाराही सांगतो आणि घेणाराही मानतो. ते अर्धंच खरं आहे. काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं पॉलिस्टर रेझिन यांना वाळवी लागत नाही, बुरशी त्यांना खात नाही. अमेरिकी आरमाराने ‘हाफबीक’ या पाणबुडीच्या मनोऱ्यावरचं फायबरचं आवरण 11 वर्षं समुद्रात वापरून 1965 मध्ये तपासलं, तेव्हाही ते भक्कमच निघालं. पण 1960 ते 1990 या काळात बांधलेल्या असंख्य लहान होड्यांचा सांगाडा मुळात फायबरचा नसतोच. तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, आणि जिच्यावर आउटबोर्ड मशीन लटकतं ती मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, या दोन्हींच्या पोटात प्लायवूड किंवा साधं लाकूड असतं आणि वरून फायबरचे थर चढवलेले असतात. वीस-पंचवीस वर्षांनी वरचं कवच ठणठणीत दिसतं आणि आतलं लाकूड उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखं हाताला लागतं. मग मालकाचा पहिला प्रश्न असतो, आता कुठलं लाकूड घालू? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. जुनं लाकूड तिथे काय काम करत होतं आणि त्यात पाणी शिरलं कुठून, हे आधी शोधायला हवं. ते न शोधता सागवान घातलं तरी होडी दहा वर्षांत पुन्हा त्याच जागी येते.

कामाचं आधी पाहू. चौकोनी तुळईचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 15 सेंटिमीटर उंचीच्या तुळईच्या जागी 12 सेंटिमीटरची बसवली, तर ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. जाडी निम्मी केली असती तरी नुकसान तेवढंच झालं असतं. वरची फळी नीट बसावी म्हणून तुळई ‘थोडीशी’ तासणारे सुतार हे लक्षात घेत नाहीत. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. काही होड्यांत लाकूड हा नुसता साचा असतो. त्याच्यावरून टोपीसारखं चढवलेलं फायबरचं जाड कवच सगळा भार घेतं, आत पोकळी असली तरी चालतं. ब्रिटिश आरमाराची ‘विल्टन’ ही सुरुंगशोधक नौका 1973 मध्ये सेवेत आली. फायबरचं कवच असलेली ती जगातली पहिली युद्धनौका, आणि लाकडी सांगाड्यावाचून तिचं काही अडलं नाही. पण स्वस्तातल्या सहलीच्या होड्यांत प्लायवूडवर मॅटचे, म्हणजे कसेही पसरलेले आखूड काचतंतू एकत्र बांधलेल्या कापडाचे, जेमतेम एक-दोन थर असतात. मॅटचा थर आणि प्लायवूड यांची लवचीकता साधारण एकाच पातळीवरची, त्यामुळे तिथे जाड लाकूडच खरा भार उचलतं. अशा तुळईतलं लाकूड काढून फोम भरला आणि वरचा थर तेवढाच पातळ ठेवला, तर तुळई दिसायला तशीच राहते, पण काम करत नाही. तेव्हा कापताना कवचाची जाडी मोजून घ्यावी. पुढचे सगळे निर्णय त्या मोजमापावर ठरतात.

ट्रान्समची गोष्ट वेगळी. तिथे फायबरचे दोन पापुद्रे आणि मध्ये गाभा, अशी रचना असते. पापुद्र्यांमधलं अंतर राखणं आणि बोल्टचा दाब सोसणं हे गाभ्याचं काम. मोठं आउटबोर्ड मशीन 200 किलोंच्या घरात जातं, शिवाय त्याचा रेटा भिंतीला सतत वाकवू पाहतो. गाभा मऊ पडला की मशीनचे नट दरवेळी आणखी अर्धा फेरा फिरतात. कसणाऱ्याला वाटतं नट सैल झाले होते. खरं तर बोल्ट लाकडात रुतत चाललेला असतो.

आता पाणी. ‘आम्ही मरीन प्लाय घातला होता’ हा नेहमीचा आक्षेप. मरीन प्लायमध्ये पाण्याला दाद देत नाही तो गोंद. लाकूड शेवटी लाकूडच असतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. 30 टक्क्यांच्या आसपास गेला आणि थोडी हवा मिळाली की तिचं फावतं. यात समुद्राचं पाणी पावसाच्या पाण्याइतकं घातक नाही, कारण मीठ बुरशीला रोखतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी जहाजबांधणीत फासळ्यांमधल्या फटींत मीठ ठासून भरत, ते याचसाठी. कोकण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या ओढून शाकारल्या जातात. वरचं प्लास्टिक फाटलं की पावसाचं गोडं पाणी दोन महिने आत साचून राहतं. ज्या होडीच्या ट्रान्सममध्ये प्लायवूड आहे, तिला हा काळ भर समुद्रातल्या दिवसांपेक्षा वाईट जातो. अमेरिकेत वेगळंच घडलं. 1971 च्या नौका-सुरक्षा कायद्यानंतर 20 फुटांखालच्या होड्या पाणी भरलं तरी तरंगत राहाव्यात असे नियम आले, आणि तळाखालच्या पोकळ्या फोमने भरायची पद्धत रुळली. बुडण्याचा धोका टळला हे चांगलंच झालं. पण वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिलेला फोम पाणी धरतो आणि स्ट्रिंगरला कायमचा भिजत ठेवतो. पाणी आत शिरतं ते मात्र सगळीकडे एकाच वाटेने. खुर्चीचा स्क्रू, मशीनचा बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, कुठेही लाकडाची कापलेली कड उघडी राहिली की पुरे.

तपासणीला फार उपकरणं लागत नाहीत. छोट्या हातोडीने ठोकत गेलं की शाबूत जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. ओलावा मोजणारं यंत्र खारट पृष्ठभागावर फसू शकतं, म्हणून त्याच्यावर एकट्यावर भिस्त नको. सगळ्यात खात्रीचं काम ड्रिल करतं. आतल्या बाजूने खाली, सहज बुजवता येईल अशा जागी बारीक भोक पाडून बाहेर येणारा भुसा बोटांत घ्यावा. फिकट, कोरडा, कुरकुरीत असेल तर लाकूड जिवंत आहे. काळपट असून चिमटीत पाणी सोडत असेल, तर आणखी पुरावा नको.

इथे एक मोहात पाडणारा उपाय पुढे येतो. भोकं पाडा, पातळ इपॉक्सी रेझिन ओता, लाकूड पुन्हा दगड होईल. एखाद्या स्क्रूभोवतीची बोटभर जागा पूर्ण वाळवून असं केलं तर ते टिकतंही. पण अख्ख्या स्ट्रिंगरला हा उपाय लागू पडत नाही. ओल्या लाकडात रेझिन शिरत नाही, ते रिकाम्या पोकळीत जाऊन बसतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे लाकूड आणि कवच यांच्यातला सुटलेला सांधा सुटलेलाच राहतो. तुळईची ताकद त्या सांध्यात असते. तो गेला की दोन्ही भाग वेगवेगळे वाकतात.

दुरुस्तीचा खरा कस याच सांध्यात लागतो, लाकडाच्या जातीत नाही. स्ट्रिंगर कापण्याआधी तळाला लांबीभर आधार द्यायला हवा. दोन टोकांवर टेकलेली होडी स्ट्रिंगर नसताना मध्ये बसते, आणि नवे स्ट्रिंगर ती वाकडीच कायमची पक्की करतात. तळाला असा बाक आला की होडी वेगात सरळ धावत नाही. म्हणून एक स्ट्रिंगर काढून बसवावा, मगच दुसऱ्याला हात लावावा. जुना पृष्ठभाग आधी ॲसिटोनने पुसून मग 40 नंबरच्या पेपरने घासावा. क्रम उलटला तर ग्रीस आणि मेण घासून आत शिरतं. नव्या तुळईची कड थेट तळावर टेकवू नये, नाहीतर प्रत्येक लाटेचा मार त्या एका रेषेवर बसून तिथेच चीर जाते. खाली घट्ट केलेल्या इपॉक्सीचा किंवा फोमच्या पट्टीचा बिछाना आणि दोन्ही कोपऱ्यांत गोलाई हवी. तिच्यावरून कापडाचे थर येतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, म्हणजे भार एका रेषेवर न थांबता तळावर पसरतो.

‘होडी पॉलिस्टरची, मग महागड्या इपॉक्सीचा खर्च कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. पण होडी पहिल्यांदा बांधली तेव्हा ओल्या थरावर ओला थर बसला आणि दोन्ही रसायनाने एकजीव झाले. तीस वर्षं सुकलेल्या फायबरवर पॉलिस्टर फक्त खरबरीत पृष्ठभाग पकडून राहतं. इपॉक्सी तिथे कितीतरी घट्ट चिकटते. पैसे वाचवायचेच असतील तर ते वरच्या फळीत वाचवा, या सांध्यात नको. मात्र इपॉक्सीबरोबर साधी मॅट वापरू नये. तिच्यातला तंतू बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, आणि मॅट ताठ राहते. शिवलेलं तिरकं कापड घ्यावं. नंतर पाडायचं प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने बुजवावं आणि त्या इपॉक्सीतून पुन्हा हवं तेवढं पाडावं, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. एवढं पाळलं तर साधा चांगला प्लायही मालकाच्या हयातीभर पुरतो. कधीच न कुजणारे महाग फोमबोर्ड वाईट नाहीत, फक्त त्यांच्यावर कवच जाड चढवावं लागतं. त्यांची किंमत मोजायची की प्लायच्या कडा नीट बंद करायच्या, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

कोकणात खरी अडचण वेळेची आहे. होडी मोकळी असते ती नेमकी पावसाळ्यात, आणि रेझिनला दमट हवा सोसत नाही. म्हणून कापाकापी बंदीच्या सुरुवातीलाच उरकून टाकावी, उघडं केलेलं कवच पक्क्या छपराखाली पंखा लावून वाळू द्यावं, नवं लाकूड घरात कोरडं ठेवावं, आणि थर चढवायला उघडीप मिळाल्यावरच बसावं. ऑगस्ट उजाडला आणि ट्रान्सम अजून ओला असेल, तर हंगामाचे दोन आठवडे बुडाले तरी चालतील, ओल्यावर फायबर चढवू नये. बंद केलेला ओलावा आतून निघत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच ट्रान्सम पुन्हा कापावा लागतो.