घरून काम आणि घरचेही काम

मार्च २०२० अखेर टाळेबंदी लागली आणि नांदगाव-मनमाडकडच्या प्राध्यापिका भगिनींचे कॉलेज थेट स्वयंपाकघरात आले. ओट्यावर मोबाईल टेकवून ऑनलाइन तास, मागे कुकरची शिट्टी, मांडीवर लेकरू. शेजारच्या मालेगावात साथ जोरात, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जपण्याचा घोर वेगळाच. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर तास झाला तरच पैसे. कित्येकींचा पीएचडीचा प्रबंध कपाटात गेला.

साथ ओसरली, पण तेव्हा जडलेली दुखणी आम्हा कार्यकर्त्यांच्या कानावर अजून येतात. मान-पाठ धरते, डोळे चुरचुरतात, झोप लागत नाही, उगाच रडू येते. "मलाच जमत नाही," असे शिकल्यासवरल्या बायाही म्हणतात. भगिनींनो, हा तुमचा कमकुवतपणा नाही. कामाची वाटणीच चुकलेली आहे.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. म्हणजे साथीच्या आधीच तिप्पट भार. मग शाळा, पाळणाघर, धुणीभांडीवाल्या मावशी, सगळेच बंद झाले आणि तेही काम बहुतेक घरांत तिच्याच अंगावर पडले.

अशा वेळी सावित्रीमाईंच्या त्यागाचा दाखला दिला जातो. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करताना १० मार्चला त्या गेल्या, हे खरेच. पण त्या सेवेत त्यांचा मुलगा डॉ. यशवंत बरोबरीने होता, हे आपण विसरतो. बाबासाहेबांनीही १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू मांडली. आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे, हे त्यांचे म्हणणे होते. रजा म्हणजे उपकार नव्हे.

म्हणून एवढे करा:

● युजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार महिलांना पीएचडीसाठी २ वर्षे जादा मुदत मिळू शकते, शिवाय प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

● सतत थकवा असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचे १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजावा. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या.

● स्क्रीनवर काम करताना दर २० मिनिटांनी लांब बघा, तासाभराने उठून चाला. लघवी तुंबवू नका.

● दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर टेली मानस १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

आणि बंधूंनो, हे पान तुमच्यासाठीही आहे. बायको शिकवते याचा अभिमान चारचौघांत सांगता, तर संध्याकाळची भाकरी-भांडी आणि मुलांचा अभ्यास यातले निम्मे आजपासून आपल्याकडे घ्या. तिच्या पाठदुखीवरचा तो अर्धा इलाज आहे.

जय भीम!