मामूंची पद्मिनी

मुलांनो, जुन्या हिंदी चित्रपटांत तुम्ही काळी-पिवळी टॅक्सी पाहिली असेल. ती बहुधा पद्मिनी असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ही मोटार तयार होई. मूळ नमुना इटलीच्या फियाट कंपनीचा होता. 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ साली मिळाले. पण लोक तिला फियाटच म्हणत.

डहाणूला माझ्या मामूंकडे अशीच एक पद्मिनी होती. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मी शिकाऊ परवाना काढला आणि त्याच गाडीवर शिकलो.

सकाळी ती सुरू करणे हेच एक काम असे. थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागते. त्यासाठी चोकची मूठ ओढावी लागे. इंजिन तापले की ती परत आत ढकलायची. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खालीच असे. पॉवर स्टिअरिंग नव्हते. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना माझे दंड भरून येत. मामू म्हणत, "आधी गाडी थोडी सरकू दे, मग फिरव." खरोखरच, चाके फिरू लागली की वळवणे सोपे जाई.

एकदा आम्ही जव्हारहून परतत होतो. घाट उतरताना मी सारखा ब्रेकवर पाय ठेवला. थोड्या वेळाने जळका वास आला. ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागले. गाडीचा वेग कमी होईना! समोर वळण होते. माझ्या घशाला कोरड पडली. मामू शांतपणे म्हणाले, "बेटा, घाबरू नकोस. दुसरा गिअर टाक." गिअर पडताच इंजिन घुमले आणि गाडी मंदावली. पुढे मोकळ्या जागी आम्ही ती उभी केली. ब्रेक थंड झाल्यावरच कासा गाव गाठले.

असे का झाले? या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ब्रेक सतत दाबला की घर्षणाने ड्रम तापतो, फुगतो आणि ब्रेकची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये मात्र चाकांना इंजिन फिरवावे लागते. त्यात त्यांची शक्ती खर्च होते आणि गाडी आपोआप मंदावते. म्हणून जाणते चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. ते लवकर थंड होतात. २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅगही सक्तीची झाली आहे. आजच्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, यात शंका नाही. पण उतार तोच आहे आणि घर्षणाचा नियमही तोच आहे. म्हणून आजही घाटाच्या तोंडाशी आलो की मला मामूंचा आवाज ऐकू येतो आणि माझा हात आधी गिअरकडे जातो.